स्पर्धा तोंडावर आणि घोडा नवीन: मुलीने आणि घोड्याने एकमेकांशी कसे जुळवून घ्यावे?

धरमपेठची आई (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी 16 वर्षांची असून काटोल रोडकडच्या एका पागेत ती लहानपणापासून घोडेस्वारी शिकते आहे. 2023 मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसेजचे (ठरावीक मैदानात घोड्याकडून नेमक्या हालचाली करून घेण्याच्या प्रकाराचे) सुवर्णपदक मिळवले आणि त्या संघात आपल्या शेजारच्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती, तेव्हापासून तिने ड्रेसेजचाच ध्यास घेतला आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात नागपुरातच तरुण घोडेस्वारांसाठी एक निमंत्रितांची स्पर्धा आहे आणि प्राथमिक पातळीच्या टेस्टसाठी (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींसाठी) तिचे नाव नोंदवलेले आहे.

अडचण अशी की ज्या घोडीवर तिने वर्षभर तयारी केली, त्या घोडीचा पुढचा पाय सुजला असून डॉक्टरांनी तिला सक्तीची विश्रांती सांगितली आहे. मुलीच्या प्रशिक्षकांच्या ओळखीने पुण्याहून एक घोडा या स्पर्धेपुरता मिळतो आहे. तो 12 वर्षांचा, खच्ची केलेला थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) आहे, पूर्वी शर्यतीत धावत असे आणि निवृत्तीनंतर त्याला ड्रेसेजसाठी तयार केले आहे. स्वभावाने समजूतदार आहे असे मालक सांगतात; परंतु तो विदर्भात कधी आलेला नाही आणि माझ्या मुलीला त्याने पाहिलेलेही नाही. तो इथे पोहोचल्यावर स्पर्धेपर्यंत जेमतेम दोन आठवडे हाती राहतील.

हे दोन आठवडे कसे वापरावेत, याबद्दल मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मुलीचे म्हणणे आहे की रोज दोन वेळा संपूर्ण टेस्ट करून घ्यावी, म्हणजे घोड्याच्या अंगवळणी पडेल. मला मात्र असे वाटते की प्रवासाने शिणलेल्या आणि नव्या जागी बावरलेल्या जनावराकडून लगेच एवढी अपेक्षा करणे बरे नाही. दुसरी काळजी अशी की पागेच्या पलीकडे एक लग्नाचा लॉन आहे आणि तुळशीचे लग्न झाल्यापासून तिथे रात्री उशिरापर्यंत बँड आणि डीजे चालू असतो. मुलगीही सध्या फार ताणाखाली आहे. मी स्वतः कधी घोड्यावर बसलेली नाही, त्यामुळे कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त रिसालदार, कामठी

ताई, नमस्कार. तुमची शंका रास्त आहे. माझे आयुष्य घोड्यांमध्ये गेले आहे आणि अनुभवाने सांगतो की दोन आठवड्यांत घोडा बदलत नाही, बदलण्याचा प्रयत्नही करू नये. त्याला जे येते ते कोणत्या खुणेने येते, हे मुलीने शिकून घ्यायचे आहे. एवढे एक सूत्र धरले, तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप होतात.

घोडा निघण्याआधीच त्याच्या जुन्या स्वाराशी आणि साईसाशी (घोड्याची देखभाल करणाऱ्याशी) मुलीला स्वतः फोनवर बोलू द्या आणि उत्तरे वहीत लिहून ठेवायला सांगा. तोंडात कोणता बिट (लगामाला जोडलेली तोंडातली पट्टी) असतो, तंग (जिनाचा पोटाखालचा पट्टा) किती घट्ट लागतो, कँटर (दुडकीहून वेगवान चाल) मागताना स्वार पाय नेमका कुठे नेतो, चाबकाचा स्पर्श त्याला चालतो की नाही, थांबवताना तोंडाने काही शब्द उच्चारतात का, कोणत्या बाजूला वळताना तो अंग आखडतो, हे सगळे विचारावे. बिट, लगाम आणि जीन शक्यतो त्याचेच मागवून घ्या. जीन बदलावे लागलेच, तर ते त्याच्या पाठीला नीट बसते की नाही हे प्रशिक्षकांनी तपासल्याशिवाय कोणीही वर बसू नये. जुना साईस सुरुवातीचे दोन दिवस सोबत येऊ शकत असेल, तर त्याच्या जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च अवश्य करावा; तो पैसा सार्थकी लागेल.

घोडा उतरला त्या दिवशी स्वारी नाही. दुसऱ्या दिवशीही नसली तरी बिघडत नाही. मुलीने त्याला मोरकीला दोर लावून हाताने चालवावे, पागेचा परिसर दाखवावा, जिथे तो मान उंच करून टक लावून पाहील तिथे आपणही थांबावे आणि त्याचे पाहणे पूर्ण होऊ द्यावे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, मात्र कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून अनोळखी घोड्याकडे सरळ नाकासमोरून किंवा मागून न जाता खांद्याच्या बाजूने जावे आणि जाताना बोलत राहावे.

खरारा मुलीने स्वतः करावा. हे काम साईसावर सोपवू नका, कारण खरी ओळख इथेच होते. आयाळ संपते तिथे, खांद्यांच्या वर जो उंचवटा असतो, त्याच्या आजूबाजूला घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. त्या जागी बोटांनी जरा जोर देऊन सावकाश खाजवले, तर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. मुलीने खाजवता खाजवता त्याच्या तोंडाकडे पाहावे. आधी कान ताठ असतात, नाकपुड्यांच्या वर बारीक सुरकुती असते आणि खालचा ओठ आवळलेला असतो. थोड्या वेळाने एक कान तिच्या दिशेने वळतो, खालचा ओठ सैल पडून किंचित लोंबतो, तो नाकातून लांब फुरफुर करतो आणि कधी कधी मान खाली सोडतो. ही लक्षणे तिला जमिनीवरून ओळखता आली, की जिनावर बसल्यावर केवळ कानांच्या हालचालीवरून आणि पाठीच्या लवचिकपणावरून तिला घोड्याची मनःस्थिती कळू लागेल.

पहिली स्वारी लहान आणि सोपी असावी. तंग एकदम आवळू नये. एक एक भोक वाढवत, मध्ये चार पावले चालवून मग पुढचे भोक घ्यावे. वर बसल्यावर लगाम लांब ठेवून दोन्ही बाजूंनी भरपूर कदमचाल करावी. शर्यतीतून आलेल्या घोड्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. शर्यतीत जॉकी लगाम आखडून घेतो तेव्हा घोडा त्या लगामावर भार टाकून वेग वाढवतो, तेच त्याला शिकवलेले असते. नंतर कितीही चांगले प्रशिक्षण मिळाले, तरी घाबरल्यावर ही जुनी सवय डोके वर काढते. त्यामुळे तो घाईत आला की ओढून धरायचे नाही. हात स्थिर ठेवून, जिनात खोल बसून, एका 20 मीटरच्या वर्तुळावर घ्यायचे आणि दुडकीतून कदमचाल, कदमचालीतून पुन्हा दुडकी असे बदल शांतपणे मागायचे. बदल मिळाल्याक्षणी हात हलका करायचा. घोडा शिकतो तो दाब सैल होण्याच्या क्षणातून. सैल करायला उशीर झाला, तर त्याच्यापर्यंत चुकीचा अर्थ पोहोचतो.

संपूर्ण टेस्ट रोज दोनदा करून घेण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. घोड्याची स्मरणशक्ती उत्तम असते. तीच आकृती त्याच क्रमाने चार वेळा झाली, की तो स्वाराच्या आधीच पुढची हालचाल सुरू करतो. एक्सवर (मैदानाच्या मध्यबिंदूवर) थांबण्याची सवय लागलेला घोडा मध्यरेषेवर आला रे आला की आपणहून मंदावतो आणि परीक्षकाला ते लगेच दिसते. टेस्ट मुलीला पाठ हवी, घोड्याला नको. तिने तुकड्या-तुकड्यांनी सराव करावा: आज मध्यरेषेवर प्रवेश आणि ए कडून सी कडे (मैदानाच्या दोन आखूड बाजूंच्या मध्यावरची अक्षरे) सरळ जाणे, उद्या वर्तुळावरून कँटर, परवा लांब लगामावरची कदमचाल आणि त्यानंतर लगाम पुन्हा गोळा करणे. सलग टेस्ट एकदा, फार तर दोनदा, आणि तीही शेवटच्या दोन दिवसांत नको.

लॉनच्या आवाजाबद्दल: घोड्याला त्या भिंतीपासून लांबचा ठाण द्या आणि शेजारी एखादा शांत, वयस्कर घोडा बांधा. शेजारचा घोडा बँड वाजत असतानाही निवांत चारा खातो आहे, हे त्याने पाहणे कोणत्याही उपायापेक्षा मोलाचे आहे. पहिले दोन-तीन दिवस बँड वाजू लागेल त्या सुमारास ताजा चारा टाकावा आणि ओळखीच्या माणसाने जवळ थांबावे. त्या वेळी त्याला बाहेर काढू नये.

पशुवैद्य, सेमिनरी हिल्स

रिसालदार साहेबांनी स्वारीबद्दल सांगितलेच आहे. मी केवळ प्रकृतीबद्दल लिहितो, कारण पहिल्या तीन दिवसांत दुर्लक्ष झाले तर पुढच्या सगळ्या योजना कोलमडतात.

पुण्याहून नागपूर हा सुमारे 700 किलोमीटरचा प्रवास आहे आणि समृद्धी महामार्गाने आले तरी घोड्याच्या गाडीला पूर्ण दिवस लागतो. गाडीत घोड्याचे डोके उंच बांधून ठेवले, तर श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, त्यातून फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून दोर एवढा लांब असावा की त्याला मान खाली घालता येईल आणि साधारण चार तासांनी गाडी सावलीत थांबवून पाणी दाखवावे, मान मोकळी करू द्यावी. या आजाराची लक्षणे कधी कधी प्रवासानंतर एक ते तीन दिवसांनी दिसतात. त्यामुळे आल्यापासून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवा. निरोगी घोड्याचे तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस, विश्रांतीतली नाडी मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16 असतो. ताप याहून चढला, खोकला आला किंवा त्याने खाणे सोडले, तर स्वारी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नव्या जागी अनेक घोडे पाणी कमी पितात, कारण पाण्याचा वास आणि चव बदललेली असते. त्याची नेहमीची बादली सोबत मागवा. स्वयंचलित भांडे असेल तरी पहिले काही दिवस बादलीनेच पाणी द्या, म्हणजे किती प्याला ते मोजता येईल. एवढ्या आकाराच्या घोड्याला थंडीतही दिवसाला 25 लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. पाणी कमी आणि चारा कोरडा, हे पोटशूळाचे नेहमीचे कारण आहे. लीद कमी झाली, कडक झाली, घोडा वळून वळून पोटाकडे पाहू लागला, पायाने जमीन उकरू लागला किंवा वारंवार लोळू लागला, तर वाट पाहत बसू नका.

चाऱ्यात एकदम बदल नको. पुण्यातला चारा आणि खुराक आठवडाभर पुरेल एवढा सोबत आणावा आणि इथला चारा त्यात रोज थोडा थोडा मिसळत 7 ते 10 दिवसांत पूर्ण बदल करावा. आपल्याकडे सहज मिळते म्हणून हरभऱ्याचे कुटार किंवा तणीस ढीगभर घालू नये. कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारीही देऊ नये, तिच्यात विषारी घटक असतात. आणि एक गोष्ट मी प्रत्येक पागेत आवर्जून सांगतो: गाईंच्या किंवा कोंबड्यांच्या तयार खाद्याची पोती घोड्याच्या खुराकाजवळ ठेवूच नका. त्यांपैकी काहींमध्ये मोनेन्सिन हे औषध असते. ते गाईला मानवते, घोड्याला मात्र थोड्या मात्रेतही हृदयावर आघात करून मारू शकते.

घोडा इथे रुळला की नाही याची एक सोपी खूण आहे. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवे व्हावे लागते आणि जागा सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. सकाळी खराऱ्याआधी त्याच्या पुठ्ठ्याला, कुशीला आणि शेपटीच्या केसांत बिछान्याच्या काड्या चिकटलेल्या आहेत का, ते मुलीने पाहावे. चार-पाच दिवसांनंतरही अंग स्वच्छ असेल, तर तो रात्रभर उभाच राहतो आहे असे समजून कामाचा भार कमी करावा आणि त्याचे ठाण, शेजार किंवा बिछाना बदलून पाहावा.

कागदपत्रांचेही पाहून घ्या. धनुर्वात आणि अश्व-इन्फ्लुएन्झाच्या लसी झालेल्या असाव्यात आणि ग्लँडर्सची रक्तचाचणी निगेटिव्ह असल्याचा अहवाल सोबत असावा. ग्लँडर्स माणसालाही होणारा प्राणघातक आजार आहे, म्हणून आयोजक हा अहवाल मागतात तेव्हा ती केवळ औपचारिकता समजू नये.

शेवटी, घोडा शांत राहावा म्हणून कोणी पावडर, पेस्ट किंवा वनौषधी सुचवली, तर कृपया नकार द्या. व्हॅलेरियनसारखी वनस्पतीही आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या निषिद्ध पदार्थांच्या यादीत येते. औषध नैसर्गिक आहे हा बचाव तिथे चालत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गुंगीतला घोडा अडखळतो आणि त्याच्या पाठीवर तुमची मुलगी असणार आहे.

मानकापूरचे पालक

आमच्या मुलाच्या घोड्याला स्पर्धेच्या सकाळी अर्धा-पाऊण तास लंजिंग करून, म्हणजे लांब दोरावर गोल पळवून, मग आणतात. अंगातली रग जिरली की तो एकदम गरीब होतो. तुमचा घोडाही शर्यतीतला असल्यामुळे हा उपाय त्याला नक्की लागू पडेल असे वाटते. शिवाय स्वारीआधी गुळाचा खडा दिला की मैत्री लवकर होते.

व्हेटरनरी कॉलेजची विद्यार्थिनी, माजी एनसीसी कॅडेट

काकू, नमस्कार. मी एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी शाखेत असताना ओळख नसलेल्या घोड्यांवर स्वारी करण्याची वेळ अनेकदा आली आहे, त्यामुळे तुमच्या मुलीची धास्ती मी समजू शकते. तिच्यासाठीच हे लिहिते आहे.

स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात माणसांना घोड्यावर बसून किंवा घोडा हाताने धरून ठरावीक अंतर अनेकदा जायला सांगितले आणि शेवटच्या फेरीआधी सांगितले, की या वेळी वाटेत एक छत्री अचानक उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबतच्या, काहीही ठाऊक नसलेल्या घोड्यांचेही वाढले. याचा अर्थ मुलीने भीती दडपून टाकावी असा मी घेत नाही. तिने शरीर सैल ठेवण्याची सवय करावी, एवढेच म्हणते, कारण घोड्यापर्यंत पोहोचतात ते आखडलेल्या मांड्या, रोखलेला श्वास आणि घट्ट मुठी. प्रत्येक कोपऱ्यात शिरताना लांब श्वास सोडायचा, हा एकच नियम तिने सरावात पाळून पाहावा. कोपरे ठरलेले असतात, त्यामुळे श्वासाची आठवणही ठरलेल्या जागी होते.

टेस्ट पाठ करण्यासाठी घोडा लागत नाही. घराच्या गच्चीवर खडूने 2 मीटर रुंद आणि 4 मीटर लांब चौकट आखावी, म्हणजे लांबी-रुंदी 20 बाय 40 मीटरच्या मैदानाच्या एक दशांश होते. कडेला ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ ही अक्षरे लिहावीत आणि पायी चालत टेस्ट करावी. त्यातून आकृत्या किती मोठ्या असतात ते डोळ्यांत बसते. उदाहरणार्थ, ए पासूनचे 20 मीटरचे वर्तुळ बरोबर एक्समधून जाते आणि लांब बाजूला के किंवा एफच्या 4 मीटर पुढे स्पर्श करते. पुष्कळ मुले ते थेट अक्षरावरच टेकवतात, मग वर्तुळ अंड्याच्या आकाराचे होते आणि गुण जातात. हे गुण घोड्याच्या गुणवत्तेवर अवलंबून नसतात. प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण असतात आणि अचूक आकृती, स्थिर लय आणि ठरलेल्या जागी केलेला बदल यांवर अनोळखी घोड्यावरही समाधानकारक म्हणजे 6 गुण मिळवता येतात. सर्वत्र 6 मिळाले तरी 60 टक्के होतात, आणि नव्या जोडीसाठी ती चांगली कामगिरी आहे.

स्पर्धेच्या मैदानावर आदल्या दिवशी फिरवण्याची परवानगी असेल, तर ती संधी सोडू नये. मैदानाच्या कडेला पांढऱ्या फळ्या, अक्षरांचे ठोकळे, कुंड्या आणि सी जवळ परीक्षकांचे टेबल असते. आधी डाव्या हाताला आणि मग उजव्या हाताला असे दोन्ही बाजूंनी त्याला फिरवावे, कारण डाव्या डोळ्याने पाहिलेली कुंडी परतताना उजव्या डोळ्याला दिसली की बरेच घोडे तिला नवीनच वस्तू समजून बिचकतात. त्याला कुंडीजवळ नेऊन हुंगायला लावण्याचा हट्ट करू नये. मान किंचित आत वळवून, लय न मोडता तिच्यापासून थोडे लांबून जावे आणि पुढच्या फेरीत थोडे जवळून.

वॉर्म-अपच्या मैदानात समोरून येणाऱ्या स्वाराला डावीकडून डावीकडे ओलांडायचे असते, हेही तिच्या डोक्यात पक्के असू द्या. गर्दीत ऐन वेळी गोंधळ उडतो तो इथेच.

निवृत्त रिसालदार, कामठी

मानकापूरच्या पालकांचा हेतू चांगला आहे, परंतु लंजिंगबद्दल माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्टपणे मांडतो. लहान वर्तुळात दीर्घकाळ पळवल्याने घोड्याच्या खालच्या पायांच्या सांध्यांवर आणि स्नायुबंधांवर ताण येतो आणि शर्यतीतून आलेल्या घोड्याच्या पायांनी आधीच पुष्कळ सोसलेले असते. रोज दमवत गेलो तर त्याचा दमही वाढतो, मग त्याला शांत करायला आणखी पळवावे लागते. आणि दमलेला घोडा शांत दिसला तरी त्याची भीती गेलेली नसते. पाच-दहा मिनिटे दोन्ही बाजूंनी, मोठ्या वर्तुळात, अंग मोकळे करण्यापुरते लंजिंग मला मान्य आहे. गुळाबद्दल एवढेच म्हणेन की तो स्वारी झाल्यावर, खुराकाच्या भांड्यात द्यावा. अनोळखी घोड्याला हातातून खाऊ देत राहिले, तर तो खिसे आणि बोटे चाचपू लागतो आणि मग मुलीला त्याला दटावावे लागते. मैत्रीच्या सुरुवातीला दटावण्याची वेळच येऊ नये.

धरमपेठची आई

सर्वांचे मनापासून आभार. घोडा सुखरूप आला आहे. पहिल्या दिवशी तो सारखा खिंकाळत होता आणि पाणीही कमी प्याला, पण ताप नव्हता आणि आता खाणेपिणे नीट आहे. दोन दिवसांपासून सकाळी त्याच्या अंगाला काड्या चिकटलेल्या दिसतात, हे पाहून मुलीला फार आनंद झाला. तिने खरारा, चालवणे सगळे स्वतःकडे घेतले आहे आणि बँडच्या वेळी त्याच्याजवळ जाऊन बसते.

आता दोन अडचणी आहेत. कँटर मागितला की तो पहिली काही पावले जोरात ओढून धावतो आणि एक्सवर थांबताना त्याचा मागचा भाग उजवीकडे सरकतो. पागेतल्या एकाने अधिक कडक बिट लावण्याचा सल्ला दिला आहे. प्रशिक्षकांचे मत तसे नाही, पण मुलगी द्विधा मनःस्थितीत आहे. बिट बदलावा का?

निवृत्त रिसालदार, कामठी

ताई, तो आडवा होऊन झोपू लागला ही फार चांगली बातमी आहे. बिट मुळीच बदलू नका. तुमचे प्रशिक्षक बरोबर सांगत आहेत. स्पर्धेला इतके थोडे दिवस राहिले असताना तोंडात नवी आणि दुखणारी वस्तू गेली, तर तो मान वर फेकेल, नाहीतर बिटाच्या मागे लपेल (मान आत ओढून बिटाचा स्पर्श टाळेल) आणि आतापर्यंत मिळवलेला विश्वास जाईल. शिवाय कोणते बिट चालतात हे त्या त्या स्पर्धेच्या नियमांत ठरलेले असते आणि प्राथमिक पातळीवर साधा स्नॅफलच (सौम्य प्रकारचा बिट) अपेक्षित असतो.

कँटरमधली घाई बहुधा कँटरमुळे नसते, आधीच्या दुडकीमुळे असते. मुलगी कँटर मागण्याआधी नकळत पुढे झुकत असेल आणि लगाम आखडत असेल. या घोड्याला त्याचा अर्थ शर्यत सुरू झाली असाच कळणार. तिने 20 मीटरच्या वर्तुळावर, दुडकी एवढी संथ करावी की पुढच्या पावलाला कदमचाल येईल असे वाटावे, आणि त्याच क्षणी खांदे मागे ठेवून कँटर मागावा. दहा-बारा पावले झाली की तो धावू लागण्याआधीच स्वतःहून दुडकीत आणावे, शाबासकी द्यावी आणि पुन्हा मागावे. घोड्याला कळले पाहिजे की कँटर सुरू होतो तसा लगेच संपतोही, त्यासाठी धावण्याची गरज नाही. एका बाजूला चार-पाच वेळा पुरे. जमले की तिथेच थांबून लांब लगामावर चालवावे. आणखी एकदा करून पाहू, हा मोह टाळावा.

थांबताना मागचा भाग उजवीकडे सरकतो, याचा अर्थ बहुतेक असा की तिचा डावा पाय उजव्यापेक्षा जास्त दाबतो आहे किंवा डावा हात आधी बंद होतो आहे. प्रशिक्षकांना मध्यरेषेच्या टोकाला, परीक्षक बसतात तिथे सी जवळ उभे करून पाहायला सांगा; बाजूने हे दिसत नाही. मध्यरेषेवर थांबण्याचा सराव सध्या बंद ठेवून तो लांब बाजूच्या फळीलगत, उजव्या हाताला फळी ठेवून करावा, म्हणजे मागचा भाग उजवीकडे सरकायला जागाच राहणार नाही. थांबल्यावर लगेच नमस्कारासाठी लगाम एका हातात घेऊ नये. आधी स्थिर उभे राहावे, एक श्वास सोडावा, मग हात बदलावा. या क्रमाचीही घोड्याला सवय हवी, कारण सुरुवातीच्या आणि शेवटच्या नमस्कारात अनेक घोडे स्वाराचा हात हलताच पाऊल टाकतात.

वॉर्म-अपला किती वेळ द्यायचा, हेही आताच ठरवून टाका. साधारण अर्ध्या तासापासून सुरुवात करा आणि तो सर्वांत चांगला नेमका कधी चालतो, हे पुढचे चार-पाच दिवस प्रशिक्षकांना घड्याळ लावून पाहू द्या. काही थरोब्रेड वीस मिनिटांत उत्तम होतात आणि त्यानंतर तापत जातात. तुमचा घोडा तसा निघाला, तर तिच्या प्रवेशाच्या वेळेतून वीस मिनिटे वजा करूनच जिनावर बसावे. त्याआधीचा वेळ सावलीत हाताने चालवण्यात घालवावा.